थायलंडला ‘हो’ म्हणू, की यादीची वाट पाहू?

*ताई, मी मिरजेची, वय २७. एम.ए. इंग्रजी, बी.एड. तीन वर्षं ज्युनिअर कॉलेजला तासिका तत्त्वावर शिकवतेय. पैसे कधी दिवाळीला मिळतात, कधी मार्चअखेर. टेट (शिक्षक भरतीची अभियोग्यता चाचणी) दिली आहे, गुण बरे आहेत, त्या भरतीच्या सरकारी पवित्र पोर्टलच्या यादीकडे डोळे लागलेत. पुण्याच्या एका इंटरनॅशनल स्कूलमध्ये मुलाखतीची पहिली फेरी झाली, दुसरीचं ‘कळवतो’ म्हणालेत. एका एडटेक कंपनीकडून घरबसल्या रात्री करायचं कंटेंटचं काम येईलसं दिसतंय. आणि आता थायलंडच्या उदोन थानी प्रांतातल्या एका माध्यमिक शाळेने बोलावलंय. पगार महिना २५,००० बाट, मेच्या मध्यावर हजर व्हायचं, पंधरा दिवसांत उत्तर द्यायचं. सगळ्यांनाच हो म्हणून ठेवू का? जे आधी पक्कं होईल ते धरेन. यादीत नाव आलं तर थायलंड मध्येच सोडता येईल ना? शाळेला टेटचं आधीच सांगावं का? कोरिया-चीनमध्ये पगार जास्त असतो म्हणतात, तिकडे बघू का? आई म्हणते, परदेशात जायचंच तर लोक लंडन-अमेरिकेला जातात, थायलंड काय! शिवाय मी शाकाहारी आहे. – तीन दगडांवर पाय, मिरज*

प्रिय ‘तीन दगडांवर पाय’,

तुझे दगड मी मोजले, चार निघाले. त्यांतला नोकरी म्हणून कागदावर आलेला एकच आहे, उदोन थानीचा. बाकीचे तिन्ही ‘येईल’, ‘लागेल’, ‘कळवतो’ या खात्यातले. वाईट नाहीत, पण तू चौघांना एकाच रांगेत उभं करतेयस, म्हणून तुला झोप लागत नाहीये.

यादीचं बघू, कारण पत्रात सगळ्यात जास्त जीव तिच्यात अडकलाय. मागच्या खेपेला अभियोग्यता चाचणी २०२३ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये झाली आणि मोठी निवडयादी आली २०२४ च्या फेब्रुवारीअखेर. म्हणजे वर्ष गेलं. या खेपेला लवकर होईलही, कोर्टात काही अडकलं तर उशीरही होईल. नाव आलं तरी पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून काढायची: माध्यमिकला १८,००० रुपये मानधन, ज्युनिअर कॉलेजला २०,०००. मी या नोकरीला नाकं मुरडणारी नाही. तीन वर्षांनी वेतनश्रेणी लागते आणि तासिकेवर राबणाऱ्याला त्याची किंमत विचारायला नको. पण या यादीला तुझ्या मे महिन्याशी काही देणंघेणं नाही. तिच्यासाठी मिरजेत बसून राहिलीस तर ती लवकर लागणार नाही, आणि तू बाहेर असलीस म्हणून तुझे गुण कमी होणार नाहीत. पोर्टलवरचे प्राधान्यक्रम कुठूनही भरता येतात. कागदपत्रांच्या पडताळणीला मात्र मूळ प्रमाणपत्रं घेऊन स्वतः यावं लागतं. ते लक्षात ठेव, खाली पुन्हा लागेल.

खरी टक्कर आहे ती पुण्याच्या शाळेची, आणि तिच्याबद्दल तू एकच ओळ लिहिलीस. तिचंही वर्ष जूनच्या आसपास सुरू होणार, म्हणजे या दोनपैकी एकच होईल. तिला आजच्या आज ईमेल टाक. चार ओळी पुरेत: दुसरी फेरी कधी अपेक्षित आहे, माझ्याकडे दुसऱ्या ठिकाणचं लेखी बोलावणं आहे, अमुक तारखेपर्यंत मला उत्तर द्यायचंय, त्याआधी फेरी झाली तर आनंद होईल. यात धमकी नाही, लाजण्यासारखंही नाही. तुझ्याबद्दल गंभीर असतील तर तारीख देतील. पुन्हा ‘कळवतो’ आलं, तर ते तुझं उत्तर समज आणि पुढे चल. पगाराचा आकडा मात्र त्या ईमेलमध्ये घालू नकोस, आपल्याकडे लगेच त्याचा बाजार होतो.

आता ‘सगळ्यांनाच हो म्हणून ठेवू का’ याबद्दल. नको. पण त्याचं कारण नीतिमत्तेच्या तासाला सांगतात ते नाही, त्याहून व्यवहारी आहे. परदेशातल्या शाळेच्या बाबतीत ‘हो’ तोंडी असतं तोवर ते स्वस्त असतं. शाळा तुझ्यासाठी कागद काढायला लागली की महाग होतं. थायलंडमध्ये शिक्षकाला नॉन-इमिग्रंट बी व्हिसा लागतो, त्यासाठी शाळेची आणि शिक्षण खात्याची पत्रं लागतात. मग वर्क परमिट, मग खुरुसपा म्हणजे तिथल्या शिक्षक परिषदेचा परवाना किंवा त्यातून तात्पुरती सूट. हे सगळं शाळेतली एखादी बिचारी कारकून बाई फाईल काखेत धरून या कार्यालयातून त्या कार्यालयात करत असते, आणि ते त्या शाळेच्या नावावरच निघतं. तेव्हा तुझी रेघ तिथे ओढ. शाळेने ‘कागद पाठवा, पत्रं काढतो’ म्हणायच्या आत तुला नाही म्हणता येतं, आणखी आठवडा मागता येतो, कुणी रागावत नाही. त्यानंतर मात्र निदान पहिलं सत्र पूर्ण करायचं, असं ठरवूनच पाऊल टाक.

मध्येच सोडलं तर काय होतं? तुरुंगात कुणी टाकत नाही. पण तिथे राहण्याची परवानगी नोकरीला बांधलेली असते. नोकरी संपली की तीही संपते, आणि सामान आवरायला महिनाभर मिळेल या भ्रमात राहू नकोस. शेजारच्या प्रांतात दुसरी शाळा सापडली तरी कागदांची वरात पुन्हा पहिल्यापासून. आणि वर्गाचं म्हणशील तर, मी थायलंडमध्येच खोन केनला शिकवत असताना शेजारच्या वर्गाची परदेशी शिक्षिका सत्राच्या मध्यात एका शुक्रवारी निघून गेली, सोमवारी कळलं. सोमवार म्हणजे सगळे पिवळे शर्ट घालून येतात, आठला झेंड्यापुढे रांगा लागतात. त्या रांगेतली तिच्या वर्गातली एक मुलगी माझ्या बाहीला धरून विचारत होती, ‘टीचर, यू गो होम व्हेन?’ पुढचे दोन आठवडे तिच्या तासांना मुलं खिडकीत बसलेली, आणि तिने न तपासलेल्या वह्या, न भरलेले गुण थाई शिक्षिकेच्या गळ्यात. त्या शाळेने पुढच्या वर्षी आपल्याकडच्या उमेदवारांचे अर्ज उघडूनसुद्धा पाहिले नाहीत. गेलेली आपल्याकडचीच होती.

म्हणून वेळापत्रक बघ. थाई शाळेचं पहिलं सत्र मेच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत चालतं, दुसरं नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत. मध्ये तीनेक आठवडे मोकळे. यादी, पडताळणी, पुण्याची एखादी मुलाखत, सगळ्यासाठी घरी यायची ती हक्काची वेळ. नियुक्तीचं पत्र ऐन ऑगस्टमध्ये हातात पडलं तर काय, हे तू आजच ठरव, तिथे रडत बसून नको. माझं मत विचारशील तर: पत्र पडल्याच्या दिवशी शाळेला सांग, करारात आहे तेवढी नोटीस दे, गुण भरून, वह्या तपासून निघ. रुजू व्हायची मुदत वाढवून मागायचा अर्ज इकडे त्याच दिवशी टाक. मुदत मिळेलच याची खात्री कुणी देणार नाही, पण मागितल्याशिवाय ती कुणाला मिळालेली मी पाहिली नाही.

टेटचं आधी सांगायचं का? नाही. इथे पुष्कळजण माझ्याशी भांडतील, भांडू देत. दिलेली परीक्षा ही अजून न मिळालेली नोकरी आहे. भारतातल्या पंचविशीच्या कुठल्याही पदवीधराने कुठली ना कुठली परीक्षा दिलेलीच असते. शाळेला त्याचा हिशोब द्यायची गरज नाही. शाळेला कळायला हवं ते एवढंच की सोडायची वेळ आली तर तू किती आधी सांगशील, आणि ते मुलाखतीत नाही, करारात लिहितात. मुलाखतीत ‘किती वर्षं राहाल?’ विचारलंच, तर ‘हे एक वर्ष पूर्ण करायच्या तयारीने येतेय, पुढचं मार्चमध्ये बोलू’ असं सांग. खरं आहे, आणि त्यांना पुरतं.

करारावर जरा थांबते, कारण पैसे बुडतात ते इथेच.

पहिली गोष्ट, बारा महिन्यांचा आहे की दहा महिन्यांचा? शिक्षक पुरवणाऱ्या एजन्सीमार्फत गेलं तर बऱ्याचदा मार्चनंतरचे आणि ऑक्टोबरचे पैसे मिळत नाहीत. महिना २५,००० वाचून आपण बाराने गुणतो, हातात पडतात दहा महिन्यांचे. तुझं पत्र शाळेचं आहे की एजन्सीचं, हे तू लिहिलंच नाहीस. लेटरहेड नीट बघ. मग आठवड्याचे तास किती, वर्गाबाहेरची कामं कोणती (सकाळी फाटकाशी उभं राहणं, इंग्लिश कॅम्प, शनिवारचे जादा तास), वर्क परमिटचा खर्च कुणाचा, नोटीस किती दिवसांची, आणि आधी सोडल्यास दंड आहे का. दंडाचं कलम असेल तर आकडा लिहून घे. ‘योग्य ती रक्कम’ असा शब्द असेल तर सही करू नकोस.

मूळ पदवी कुणालाही ठेवायला द्यायची नाही. दाखवायची, प्रत द्यायची, परत पिशवीत. वर पडताळणीचं म्हटलं ते यासाठी: यादी लागली आणि प्रमाणपत्र उदोन थानीच्या कपाटात, असं नको.

‘आधी पर्यटक म्हणून या, मग लाओसला जाऊन व्हिसा करून घेऊ’ असं म्हणाले तर? म्हणतील, कारण उदोन थानीपासून लाओसची सीमा तासाभरावर आहे आणि कित्येक शिक्षक व्हिएन्तियानला जाऊन व्हिसा घेऊन आले आहेत. पण तो हातात पडेपर्यंत वर्गात उभं केलं, तर बेकायदा काम करणारी ठरतेस तू, शाळा नाही. तू नॉन-बी इथूनच घेऊन जा. आता अर्ज ऑनलाइन होतो. पासपोर्ट सेवेतून पोलिसांचं प्रमाणपत्र, पदवीचं साक्षांकन, टोइक ही इंग्रजीची परीक्षा, हे सगळं एप्रिलमध्ये उरकावं लागेल, म्हणून हो म्हणशील तर लवकर म्हण. आणि हो, टोइक मागितली म्हणून अपमान वाटून घेऊ नकोस. ज्यांच्या देशाची भाषा इंग्रजी धरली जात नाही त्यांच्याकडून ६०० गुण मागायची तिथली पद्धत आहे, एम.ए. असो की पीएच.डी. चिडून उपयोग नाही. त्याच शाळेत ब्रिटनहून आलेल्या, तुझ्यापेक्षा कमी शिकलेल्या मुलाला तुझ्यापेक्षा जास्त पगार असण्याची शक्यता दाट आहे, हेही आत्ताच ऐकून ठेव. तिथल्या पहिल्या महिन्यात दुसऱ्याकडून कळलं की जास्त लागतं. तुझी बाजू भक्कम आहे ती बी.एड. मुळे. इंग्रजी शिकवायचं चार आठवड्यांचं प्रमाणपत्र घेऊन आलेल्यांपेक्षा परवान्याच्या बाबतीत शिक्षणशास्त्राची पदवी जास्त कामाला येते.

कुणी मध्यस्थ असेल तर परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर त्याचं नाव नोंदलेलं आहे का बघ. नोंदणीकृत एजंटला उमेदवाराकडून ३०,००० रुपये अधिक जीएसटी, यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. २०२२ मध्ये याच मंत्रालयाने इशारा दिला होता: थायलंडमधल्या नोकरीच्या नावाखाली मुलांना नेऊन सीमेपलीकडे म्यानमारच्या म्यावाडी भागात सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांवर बसवलं जात होतं. तिथे जायचा रस्ता पश्चिमेकडून, माए सोतवरून जातो. उदोन थानी देशाच्या दुसऱ्या टोकाला, ईशान्येला. बँकॉकला उतरल्यावर कुणी ‘आधी माए सोतला जाऊ’ म्हणालं तर विमानतळावरून हलू नकोस.

शाळा खरी आहे का, हे बघायचा सोपा मार्ग सांगते. थाई शाळा आपलं सगळं फेसबुकवर टाकतात: झेंडावंदन, वार्षिक क्रीडा, कुणी आंब्याची पेटी दिली तरी फोटो. शाळेचं थाई नाव शोध, मागच्या दोन वर्षांचे फोटो बघ, त्यात परदेशी शिक्षक दिसतात का बघ. दिसला तर त्याला सरळ मेसेज कर आणि विचार: पगार महिन्याच्या कितव्या तारखेला होतो, आणि तू निघतोयस का, निघत असशील तर का.

हेच फोटो आईला दाखव. तिच्या मनात थायलंड म्हणजे ऑफिसच्या पुरुषमंडळींची सहल, आणि काकू-मावशीला काय सांगायचं ही खरी चिंता. त्यावर वाद घालू नकोस. गणवेशातली, हात जोडून रांगेत उभी असलेली मुलं बघितली की तिचा आवाज आपोआप उतरेल. जमलं तर शाळेच्या समन्वयक बाईंशी एक व्हिडिओ कॉल लाव, आईला शेजारी बसव. भाषा नाही कळली तरी चालेल, माणूस कळतं.

कोरिया-चीनचं थोडक्यात. कोरियाचा इंग्रजी शिक्षकांचा ई-२ व्हिसा मुख्यतः अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका या सात देशांच्या नागरिकांसाठी आहे. भारताबरोबरच्या २०१० पासूनच्या करारात शिक्षक-पात्रता असलेल्या भारतीयांना सहायक म्हणून एक फट ठेवलीय, पण फटच. चीनमध्ये इंग्रजी शिकवायला इंग्रजीभाषक देशाचं नागरिकत्व किंवा तिथली पदवी विचारतात. ‘बिझनेस व्हिसावर या, सगळे येतात’ असं सांगणारे भेटतील. जे येतात त्यांना धाडीच्या दिवशी कुणी ओळख देत नाही. या दोन्हीचा विचार आता सोड.

पैशांचं गणित: बाट आपल्या अडीच ते तीन रुपयांच्या मध्ये खेळतो, म्हणजे तुझा पगार महिना ६२ ते ७५ हजारांच्या मध्ये. उदोन थानीसारख्या ठिकाणी साधी खोली महिना चार-पाच हजार बाटांत मिळते, पण आत शिरताना बहुतेक ठिकाणी दोन महिन्यांची अनामत आणि एक महिन्याचं आगाऊ भाडं मोजावं लागतं. पहिला पगार जूनअखेर. तोवरचे पैसे घरून न्यायचेत, तिकीट वेगळं. लाखभर रुपये हाताशी नसतील तर कर्ज काढून जाऊ नकोस, त्यापेक्षा ऑक्टोबरनंतरच्या सत्राला जा. नोव्हेंबरमध्येही जागा निघतात, आणि तोवर निदान पुण्याचं उत्तर कळलेलं असेल.

एडटेकचं काम रात्री करायचं डोक्यात असेल तर काढून टाक, निदान पहिलं सत्र तरी. वर्क परमिट त्या शाळेतल्या नोकरीवर निघतं. भारतातल्या कंपनीचं काम किंवा संध्याकाळची शिकवणी त्यात आपोआप बसत नाही, शाळेला विचारून लेखी उत्तर घ्यावं लागेल. आणि पंचेचाळीस मुलांच्या वर्गात, आपली एकही भाषा समोरच्याला येत नसताना पाच तास उभं राहून आल्यावर रात्री दहाला कंटेंट लिहायची ताकद कुणात असेलसं मला वाटत नाही.

तर जावं का? पुण्याकडून तारीख आली नाही, करार बारा महिन्यांचा निघाला, आणि लाखभर रुपयांची सोय झाली, तर जा, असं मी म्हणेन. एका वर्षासाठी. तुला मराठीत फोड करून सांगायची सवय आहे, ती तिथे चालणार नाही. चित्र, हावभाव, खेळ, तेच वाक्य सहा तऱ्हांनी म्हणून घेणं, याच्यावर तास निभवावा लागतो. ही मेहनत परत आल्यावर पुण्यातल्या शाळेतही उपयोगी पडेल आणि जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या मुलांना तर जास्तच. मात्र दुसऱ्या वर्षाची सही करण्याआधी विचार कर. तेच प्राणी, तेच रंग, तेच ‘आय अ‍ॅम फाइन, थँक यू, अँड यू?’ तीन-चार वर्षं शिकवत राहिलेले, आणि मग इकडे कुठल्याच मुलाखतीत टिकू न शकलेले लोक मी पाहिलेत. संध्याकाळी वेळ मिळतो, त्यात सेटचा, म्हणजे प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षेचा, अभ्यास कर. तुझ्या चार दगडांत तो नव्हता, याचं मला आश्चर्य वाटलं.

ता.क. शाकाहाराचं राहिलं. तिथे ‘मी व्हेज आहे’ म्हटलं की मांस काढतात आणि माशाचा सॉस तसाच ठेवतात, त्यांच्या लेखी तो मिठाच्या जागी आहे. ‘जे’ हा शब्द पाठ कर आणि लाल अक्षरांची पिवळी झेंडी लावलेली दुकानं शोध, तिथे मांस-मासे काहीच नसतं, कांदा-लसूणसुद्धा नसतो. खोलीत गॅस चालतो का, हे भाडं ठरवतानाच विचार, पुष्कळ ठिकाणी फक्त विजेची शेगडी चालते. सोललेली मूगडाळ तिथल्या बाजारात मिळते. तूर, गोडा मसाला आणि लहान कुकर घरून ने.